पाखऱ्याच्या तोंडात गेलेले हात

"...आणि हात किती जणांनी घातला?" आबांनी विचारलं.

वल्लरीने वहीतून वर पाहिलं. ती बैलाबद्दल सांगत होती. ताप किती होता, लाळ कशी गळत होती, मागचे पाय कधी लटपटायला लागले, हे सगळं तिने तारीखवार वाचून दाखवलं होतं. पाखऱ्या आज पहाटे गेला, हेही सांगून झालं होतं.

"कुठे हात, आबा?"

"बैलाच्या तोंडात."

"मी घातला."

"आणि?"

तिने वहीचं पान उलटलं.

आबा हुलवान हे जनावरांचे डॉक्टर. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती. आता ते गावातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात बसत. दरवर्षी पशुवैद्यकीय कॉलेजातून एक शिकाऊ डॉक्टर त्यांच्याकडे तीन महिने शिकायला येई. यंदा वल्लरी देशमाने आली होती. वर्गात ती पहिली होती, आणि हे तिने पहिल्याच दिवशी कुणी न विचारता सांगितलं होतं.

आबांनी तिला पहिला आठवडाभर एकाही जनावराला हात लावू दिला नाही. ज्या घरी जाशील तिथे आधी ओटीवर बस, एवढंच सांगितलं. घरात माणसं किती, कुणाला ताप येतो का, कुणाचे सांधे धरलेत का, दूध उकळून पितात का, कुत्रं पाळलंय का, ते विचार. मग गोठ्यात जा.

वल्लरी आठवडाभर ओट्यांवर बसली. नंतर तिने आबांना ऐकवलं, की मी जनावरांची डॉक्टर व्हायला आलेय, खानेसुमारी करायला नाही. आबा त्यावर हसले होते.

बैलांच्या सणाला, बेंदराला, आबा चार दिवस लेकीकडे गेले. दवाखाना वल्लरीवर सोपवून गेले. आज शनिवारी सकाळी ते परत आले, आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिने वही उघडली.

"बैल कुणाचा?"

"पळसखोरीच्या बाजीराव चोरग्यांचा."

"पहिल्यांदा कधी बघितलास?"

"बुधवारी. बेंदराच्या दुसऱ्या दिवशी. लाळ गळत होती, गिळता येत नव्हतं. मला वाटलं, घशात काहीतरी अडकलंय."

"असं वाटतं," आबा म्हणाले.

त्यांचा आवाज मऊ होता. तिला तो सहन झाला नाही.

"हातमोजा?"

"होता... काढला."

"का?"

तिने खाली पाहिलं. पायरीच्या फटीतून मुंग्यांची रांग चालली होती.

मग तिने तुटक तुटक सांगितलं. अंगणात पंधरा-वीस माणसं जमली होती. कुणीतरी म्हणालं, बाईमाणसाच्यानं हे व्हायचं नाही, आबांची वाट बघू. ते तिने ऐकलं. तिने हातमोजा काढून खिशात घातला आणि कोपरापर्यंत हात बैलाच्या तोंडात घातला. माणसं गप्प झाली. तिला बरं वाटलं.

घशात काहीच सापडलं नाही.

"मग?"

"मग मी बाजीरावांना म्हटलं, तुमचा हात लांब आहे, तुम्ही बघा."

"तो तयार झाला?"

"नाही. त्यांच्या अंगठ्याला जखम होती. ते वाशीच्या मार्केटात माथाडी आहेत. पोतं उचलायचा आकडा लागला होता."

"मग?"



"मी म्हटलं... काल बेंदराला याच्यापुढे मिरवत होता, आणि आज घाबरता होय? सगळे हसले. मग त्यांनी हात घातला. मग आणखी दोघातिघांनी घातला. गंमत झाल्यासारखं झालं."

आबांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. पुसून झाला तरी पुसत राहिले.

"तुला कधी कळलं?"

"गुरुवारी. बैल घोगरा हंबरत होता. सारखा हंबरत होता. मागून कुंथत होता. मला पुस्तकातलं पान डोळ्यांपुढे दिसलं, आबा. पानाचा नंबरसुद्धा."

"त्यांना काय सांगितलंस?"

"लांब राहा म्हटलं. पाणी पाजायला जाऊ नका म्हटलं."

"कशामुळे, ते?"

"...नाही सांगितलं."

तिच्या मांडीवरच्या वहीतून एका कागदाचं टोक बाहेर आलं होतं. आबांनी ते दोन बोटांनी ओढलं. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाचा केसपेपर होता. वर वल्लरीचं नाव होतं. खाली तारीख होती, गुरुवारची. रेबीजच्या, म्हणजे पिसाळल्यावरच्या लशीचा एक डोस दिल्याची नोंद होती, आणि दुसऱ्यासाठी रविवारी बोलावलं होतं.

आबांनी तो कागद सावकाश वाचला. पुन्हा वाचला.

"कॉलेजात तुम्हाला ही लस आधीच देतात ना?"

"हो. तिन्ही डोस झालेत माझे. असं काही झालं की वरून दोन घ्यायचे असतात."

"म्हणजे सगळ्यांत कमी धोका तुला होता."

"हो."

"आणि तू त्याच दुपारी गेलीस."

वल्लरीने मान हलवली. आबांनी कागद तिच्या मांडीवर ठेवला. उलटा नाही, सुलटाच ठेवला. तिला तो उचलता येईना आणि तसा ठेवताही येईना.

ती म्हणाली, "मला वाटलं, दुसरंही काही असेल. आधी नक्की होऊ दे. उगाच घबराट..."

आबा तिच्याकडे बघत राहिले.

"नाही," ती म्हणाली. "मला सांगायची लाज वाटली."

आबा उठले. त्यांनी जिल्ह्याच्या कार्यालयात फोन करून बैलाच्या मेंदूचा नमुना घ्यायला आणि बैल पुरायला माणसं मागवली. मग ग्रामीण रुग्णालयात फोन केला, लस किती आहे ते विचारलं, आणि दुपारपर्यंत माणसं येतील असं सांगितलं. कपाटातून हातमोज्यांचा खोका आणि चुन्याची पिशवी काढली.

वल्लरी मागेमागे फिरत होती.

"आबा, तुम्ही त्यांना सांगाल ना? तुमचं ऐकतील."

"ऐकतील," आबा म्हणाले. "माझं चाळीस वर्षं ऐकतायत."

"मग?"

"बैलाचं मी बघतो," ते म्हणाले. "माणसांचं तू बघ."

"मी जनावरांची डॉक्टर आहे, आबा. त्यांना पटणार नाही."

"हातमोजा काढलास तेव्हा पटलं होतं की."

खोका आणि पिशवी घेऊन दोघं पळसखोरीला निघाले.

चोरग्यांच्या अंगणात चटया टाकल्या होत्या. बैल घरच्या माणसासारखाच होता, म्हणून शेजारपाजारची माणसं येऊन बसली होती. पाखऱ्याच्या शिंगांना लावलेला लाल हिंगूळ अजून ओला असल्यासारखा चमकत होता. गळ्यातली घुंगरांची माळ कुणीतरी काढून तुळशीजवळ ठेवली होती.

आबा आत आले तशी माणसं उठून उभी राहिली. बाजीरावची आई हौसाबाई पदर डोळ्यांना लावून पुढे आली. बाजीराव स्वतः नव्हता. रजा संपली म्हणून बुधवारी संध्याकाळीच तो वाशीला परत गेला होता. त्याची बायको उज्ज्वला दाराशी उभी होती.

आबांनी हौसाबाईंना हात जोडले. मग ते कुणाशी न बोलता सरळ गोठ्यापाशी गेले, आणि बैलापासून दोन हातांवर एका दगडावर बसले. अंगणाकडे पाठ करून.

माणसं त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. ती पाठ वळली नाही.

मग एकेकाची नजर वल्लरीकडे आली.

नेहमी ती या घरी आली की बसायच्या आत चहाचं विचारत. आज कुणी विचारलं नाही. तिला वाटलं, बरं झालं.

"मला थोडं बोलायचंय," ती म्हणाली.

"बोला की, म्याडम," किसनतात्या म्हणाला. हा शेजारचा. बुधवारी बाजीरावनंतर त्यानेच हात घातला होता. "बैल तर गेला. आता बोलून उठायचा हाय व्हय?"

दोघंतिघं हसल्यासारखे झाले.

वल्लरीने सांगायला सुरुवात केली. बैल पिसाळला असावा, ते सांगितलं. नमुना पुण्याला जाईल, पण उत्तराची वाट बघत बसायचं नाही, असं सांगितलं. लाळ कुणाच्या हाताला लागली असेल, त्यातही जखमेला लागली असेल, तर आजच्या आज लस घ्यावी लागेल. ती पाठ केल्यासारखं बोलत होती. तिचं तिलाच ते वर्गातल्यासारखं ऐकू येत होतं.

किसनतात्याने तंबाखू मळायला घेतली.

"म्हणजे आता बैलाच्या डॉक्टरनं माणसांना सुया," तो म्हणाला. "उद्या कोंबडी मेली तर गावाला सलाईन लावा."

या वेळी बरेच जण हसले.

आबांची पाठ तशीच होती.

"आन् मला सांगा म्याडम," तात्या म्हणाला, पण आता तो हसत नव्हता. "येवढं भ्या असतं, तर तुम्ही बेस्तरवारीच सांगितलं असतं की. तुम्ही आला हुता. बघून गेला. बोलला न्हाई काय."

वल्लरीला उत्तर सुचत होतं. नक्की नव्हतं, असं म्हणता आलं असतं. तात्यांना ते पटलंही असतं. तिने गोठ्याकडे पाहिलं. आबांच्या खांद्यावर एक माशी बसली होती आणि ते तिला हाकलत नव्हते.

तिने वही उघडली. केसपेपर काढला. तात्यांच्या हातात तंबाखू होती, म्हणून तो तिने उज्ज्वलाला दिला.

उज्ज्वला बारावीपर्यंत शिकलेली होती. तिने तो वाचला.

"ही तुमची चिठ्ठी हाय," ती म्हणाली.

"हो."

"गुरुवारची."

"हो."

"म्हंजे हितनं गेला तशाच तिकडं गेला."

"हो."

किसनतात्याचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला.

"मला गुरुवारीच कळलं होतं," वल्लरी म्हणाली. "मी सांगितलं नाही. बुधवारी मी हातमोजा काढला, ते चुकीचं होतं. तुम्हाला हात घालायला लावले, ते त्याहून चुकीचं होतं. ते सांगायची लाज वाटली म्हणून मी गप्प बसले. माझी लस मात्र मी घेतली."

ती थांबली. आणखी काहीतरी बोलायला हवं असं तिला वाटलं, पण आणखी काही नव्हतंच.

उज्ज्वलाने कागदाची घडी घातली. आधी होती तशीच, त्याच रेषांवर. आणि परत दिला.

"दोन दिवस," ती म्हणाली.

हौसाबाई इतका वेळ चटईवर बसून होत्या. त्या सावकाश म्हणाल्या, "मी तुला कुत्र्याचं सांगत हुते."

"कुठलं कुत्रं, आजी?"

"दोन म्हैने झाले. माळावर पाखऱ्याच्या नाकाला कुत्रं डसलं. म्या हळद भरली, बरं झालं. बुधवारी तू बॅटरी घिऊन त्याच्या तोंडात बघत हुतीस, तवा म्या सांगाय आले. तू म्हणलीस, आजी, उजेड अडवू नका."

वल्लरीला ते आठवलं. तिने ते मान वर न करता म्हटलं होतं. म्हणून हौसाबाईंचा चेहरा तिला आठवत नव्हता, फक्त पायातली जोडवी आठवली.

किसनतात्याने मळलेली तंबाखू तोंडात न टाकता खाली झटकली. स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. पुढून, मग मागून.

"कुणी कुणी हात लावला, ते सांगा," वल्लरी म्हणाली. "मला नावं माहीत नाहीत. मी विचारलीच नव्हती."

नावं सावकाश आली. बुधवारी हात घातलेले चार पुरुष होते. जबडा धरून उभी असलेली उज्ज्वला होती. वल्लरी वही मिटणार, तेवढ्यात हौसाबाई म्हणाल्या, की बेंदराच्या दिवशीचं काय?

बेंदराला पाखऱ्याने पुरणपोळीला तोंड लावलं नव्हतं. नैवेद्याशिवाय बैल उपाशी राहिला तर वर्ष वाईट जातं, म्हणून वाडीतल्या बायका एकेक करून आल्या होत्या. आपल्या हातचं खाईल, आपल्या हातचं खाईल, असं करत प्रत्येकीने पोळीचा तुकडा त्याच्या तोंडात कोंबला होता. त्याच्या तोंडातून ओघळलेलं पुरण पदराने पुसलं होतं. आणि त्याच हातांनी घरी जाऊन जेवल्या होत्या.

त्यातल्या एकीने विचारलं, दुधाचं काय, शेजारच्या दावणीला म्हैस होती. वल्लरीने विचारलं, म्हशीला काही चावलंय का, ती नीट खाते का. मग म्हणाली, दूध उकळून प्या, म्हशीवर नजर ठेवू, मी रोज येईन. आपण हे ओट्यावर बसून विचारायला शिकलो होतो, असं तिच्या मनात आलं आणि तिचे कान तापले.

अकरा नावं झाली. दहा अंगणात होती किंवा हाकेच्या अंतरावर. अकरावा बाजीराव.

उज्ज्वलाने त्याला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा उचलला. मागे गाड्यांचे आवाज होते, कुणीतरी पोती मोजत होतं. उज्ज्वलाने फोन वल्लरीच्या हातात दिला.

वल्लरीने सांगितलं. पहिल्यापासून सगळं सांगितलं. केसपेपरचंही सांगितलं.

बाजीरावने सगळं ऐकून घेतलं. मग हसला. ते हसू वाईट नव्हतं, म्हणून तिला जास्त लागलं.

"म्याडम, मी न्हाईच म्हणत हुतो," तो म्हणाला. "तुम्हीच म्हणला, घाबरता व्हय."

"हो. मीच म्हटलं."

"सगळे हसले म्हणून घातला बघा."

"माहीत आहे मला."

"अंगठा जरा झिणझिणतोय. आकड्यामुळं आसंल."

वल्लरीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाजीराव, आता लगेच निघा. महापालिकेच्या दवाखान्यात जा. बैलाची लाळ जखमेला लागली, असं सांगा. दंडात लस देतील. जखमेतही एक वेगळी सुई देतात, ती मागून घ्या. नाही म्हणाले तर मला फोन द्या."

तो म्हणाला, गाडी खाली करायची आहे, उद्या रविवार आहे, उद्या सकाळी जातो.

"आज," ती म्हणाली.

"एका दिसानं काय हुतंय?"

"दोन दिवस आधीच मी घालवलेत. हे एकदा सुरू झालं की याला औषध नाही. जगात कुठेच नाही. तुम्ही घाबरा. मी सांगतेय, घाबरा."

पलीकडे पोती मोजणारा आवाज थांबला होता. मग बाजीराव कुणालातरी म्हणाला, "ए, माझी पाळी घे रं. मी जाऊन येतो."

फोन बंद झाला.

गावात भाजी नेणारा टेंपो होता. तो रिकामाच उभा होता. दहा जण त्यात बसले. हौसाबाईंना चढता येईना, तर वल्लरीने हात पुढे केला. हौसाबाईंनी तो हात बघितला, आणि टेंपोच्या दांडीला धरून स्वतःच चढल्या.

टेंपो निघताना वल्लरीने गोठ्याकडे पाहिलं. आबा उठले होते. हातमोजे घालून, चुन्याची पिशवी उघडत होते. त्यांनी एकदाही मागे पाहिलं नव्हतं.

रुग्णालयात रांग होती. नर्सने विचारलं, कुत्रा चावला का? किसनतात्या म्हणाला, न्हाई, बैलाला पुरणपोळी चारली. नर्सला वाटलं, हा चेष्टा करतोय. मग वल्लरीने पुढे होऊन प्रत्येकाचं सांगितलं, कुणाच्या हाताला काय लागलं, कधी लागलं, जखम होती का. दहा वेळा सांगितलं. दहाही वेळा सुरुवात तिला स्वतःच्या चुकीपासूनच करावी लागली, कारण दुसरी सुरुवात नव्हती.

तीन वाजता उज्ज्वलाच्या फोनवर फोटो आला. वाशीच्या दवाखान्याचा केसपेपर आणि त्यावर बाजीरावचा पट्टी बांधलेला अंगठा. उज्ज्वलाने तो फोटो सासूला दाखवला. मग तात्यांना. मग बराच वेळ फोन मांडीवर धरून बसली. शेवटी तिने तो वल्लरीपुढे धरला. धरताना दुसरीकडे बघत होती.

वल्लरी संध्याकाळी दवाखान्यात परतली. आबा ओट्यावर बसून बूट धूत होते. जिल्ह्याची माणसं नमुना घेऊन गेली होती. बैल खोल पुरून वर चुना टाकला होता.

ती त्यांच्यासमोर खाली बसली.

"अकरा जण झाले," तिने सांगितलं. "बाजीरावांनीही घेतली."

"हं."

"आबा, मी कॉलेजला पत्र लिहिते. काय झालं ते सगळं लिहिते. मला परत बोलावतील. बोलवायलाच हवं."

"लिही."

तिला वाटलं होतं, ते नको म्हणतील.

"लशीला परत कधी जायचंय त्यांना?" आबांनी विचारलं.

"मंगळवारी. मग पुढच्या शनिवारी. मग अठ्ठाविसाव्या दिवशी."

"टेंपोवाल्याला सांगून ठेवलंस?"

"हो."

"आणि तू कॉलेजला निघालीस तर त्यांना कोण नेणार?"

आबांनी एक बूट धुऊन उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात ठेवला. दुसरा घेतला. रस्त्यावरून एक माणूस शेळी घेऊन गेला. त्याने आबांना रामराम घातला, आणि तिला पाहून मान दुसरीकडे वळवली. तो पळसखोरीचा नव्हता. म्हणजे गोष्ट पुढे गेली होती.

"हौसाबाईंनी माझा हात धरला नाही," ती म्हणाली.

"हं."

"मी टेंपोत त्यांच्या शेजारी बसले. तासभर. सगळे एकमेकांशी बोलत होते. माझ्याशी कुणी नाही. मला वाटत होतं, रस्ता संपूच नये, आणि लगेच संपावा. दोन्ही वाटत होतं."

आबा ब्रशने बुटाच्या टाचेतला चिखल काढत होते.

"आबा..."

"बोल."

"ही लाज कधी जाते?"

आबांचा हात थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, सकाळपासून पहिल्यांदाच इतकं नीट पाहिलं.

"गेली की मला येऊन सांग," ते म्हणाले. "त्या दिवसापासून तुला कुणाच्या गोठ्यात जाऊ देणार नाही."